चाळीसचा लाल

पहिल्या बाटलीचे दहा थेंब. दुसरी आधी
तीस सेकंद जोरात हलवायची,
नाहीतर तळाशी बसलेलं औषध खोटं बोलतं.
मग पाच मिनिटं थांबायचं.
तेवढ्यात दुसऱ्या रेल्वे गेटवरून मिरजेची गाडी जाते
आणि साठ लिटरचा समुद्र
स्टँडवर किंचित शहारतो.

नळीतलं पाणी पिवळं, नारिंगी, मग लाल.
कार्डाशेजारी धरलं. चाळीस.
दिवसभर उद्यमबागेत ओतीव लोखंडातला कार्बन मोजतो,
दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत,
आणि घरी हा एक लाल
चाळीसचा की ऐंशीचा, ठरत नाही.

झोअँथिड मिटून बसलेत,
बंदच्या दिवशीच्या खडे बाजारासारखे.
काल पुसलेली काच आज पुन्हा हिरवट.

अमोनिया खाणारे जिवाणू आहेत,
नायट्राइट खाणारे आहेत,
नायट्रेटला इथल्या उजेडात कुणी वाली नाही.
सगळ्यांची ताटं उचलल्यावर
जे उरतं, ते हे.

सनदीच्या दुकानात गेलो.
पाणी कुठलं? आरओचं. मेम्ब्रेन?
तपासलं, शून्य. मीठ? तेही शून्य.
स्पंज धुतला, वाळू उपसली,
खडकामागे मेलेली गोगलगाय नाही.
सनदी म्हणाला, मग व्होडका घाल.
दिवसाला दोन थेंब. जिवाणू पितात, फुगतात,
नायट्रेट खातात, स्किमर त्यांना फेसातून बाहेर काढतो.
क्वार्टर आणली.
कस्तुरीला ती मिठाच्या बादलीमागे सापडली.
दोन थेंबांची गोष्ट तिने
मधे न बोलता ऐकून घेतली,
ते जास्त लागलं.

शनिवारी पाळी बदलली, लवकर घरी आलो.
फरशी अजून ओली होती.
मल्लव्वा टाकीसमोर उकिडवी,
डबीतून एक चिमूट, अजून एक,
आणि हळू आवाजात, ऊटा आत? ऊटा आत?
माझ्याशी ती मराठीत बोलते.
जेवलात का, हे माशांना
स्वतःच्या भाषेत विचारते.

"काय की हो, काचेला तोंड लावून उभी राहतात.
उपाशीच ठेवूलालासा काय त्यांना?"
कधीपासून? विचारलं.
"चैत्रापासनं."
आत्ता भाद्रपद.

काय सांगणार होतो मी, नायट्रोजनचं चक्र?
सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा रिकामा पडला होता,
सात खणांचा, झाकणांवर वार.
एकेका खणात बारा दाणे मोजून टाकले.
आता तुमचीच पाळी, म्हटलं, मी हात लावणार नाही.
तिने झाकणांवरून बोट फिरवलं.
"गुरुवार रिकामा?"
त्यांचा उपवास.
"माझा सोमवारी असतोय."
मग आम्ही गुरुवारचे दाणे भरले
आणि सोमवार ओतून टाकला.

दर रविवारी सहा लिटर काढायचं, सहा घालायचं.
मीठ आदल्या रात्री विरघळवून,
सकाळी घनता बघून, ऊब जुळवून.
एकदम उतरवायचं नाही.
प्रवाळाला चांगल्याचाही धक्का बसतो.
काढलेलं पाणी कुठल्याच झाडाला चालत नाही,
मोरीत सोडतो, आणि मोरीचं तोंड
पांढरं होत चाललंय.

काल पंचवीस.
ट्यूबलाइटखाली पंचवीस, खिडकीशी तीस.
झोअँथिड उघडलेत, सगळे नाहीत.
कोपऱ्यातला हातोडी प्रवाळ गेलाच,
त्याच्या सांगाड्यात आता झिंगा राहायला आलाय.
व्होडका बादलीमागेच आहे,
दोन थेंब कमी.

आज सोमवार. मासे काचेशी.
मल्लव्वा पोछा खाली ठेवते, हात मागे घेते,
इवत्तु इल्ल, म्हणते, आज नाही रे,
आणि तरी जरा वेळ
तिथेच उभी राहते.